कोणता काँगो?

संपादक महोदय,
स.न.

गोमा शहराजवळच्या लढाईची बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी ठीक, पण तिच्यासोबतच्या नकाशात जो काँगो रंगवला आहे, त्यात गोमा नाहीच. काँगो नावाचे दोन देश आहेत, नकाशात रंगवला आहे तो शेजारचा.

२०१०-११ मध्ये मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीबरोबर गोम्यात होतो. घरच्यांनी मुलाच्या नकाशात ‘काँगो’ शोधून ब्राझाव्हिलवर टिकली चिकटवली होती. सुट्टीवर आल्यावर ती मी काढली आणि दीड हजार किलोमीटर पूर्वेला, किवू सरोवराच्या काठावर लावली. आईने विचारले, मग इतके दिवस आम्ही कुठे बघत होतो?

ब्राझाव्हिल ही काँगो प्रजासत्ताकाची राजधानी. तो देश आपल्या महाराष्ट्राहून थोडाच मोठा, लोकवस्ती साठ लाखांच्या आसपास. पूर्वी फ्रेंचांच्या ताब्यात होता, स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९६० रोजी. गोमा आहे काँगो लोकशाही प्रजासत्ताकात. तिथे बेल्जियमचे राज्य होते, ते ३० जून १९६० ला संपले. १९७१ ते १९९७ या देशाचे नाव झाईर होते, जुन्या वाचकांना ते आठवेल. क्षेत्रफळ साडेतेवीस लाख चौरस किलोमीटर, म्हणजे साडेसात महाराष्ट्र. आफ्रिकेत त्याहून मोठा फक्त अल्जीरिया. लोकसंख्या दहा कोटींच्या वर धरतात, पण तो अंदाजच, कारण शेवटची जनगणना १९८४ ची. त्याची राजधानी किन्शासा. किन्शासा आणि ब्राझाव्हिल काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, मध्ये पूल नाही. घोटाळा होतो तो इथेच.

देश एवढा लांबरुंद, की गोम्यात बारा वाजतात तेव्हा किन्शासात अकराच वाजलेले असतात. सरकारी कामकाज फ्रेंचमध्ये चालते, पण गोम्याच्या बाजारात स्वाहिलीच लागते. जमीन काळीकुट्ट, न्यीरागोंगो ज्वालामुखीच्या लाव्ह्याची. २००२ मध्ये तो लाव्हा शहरातून वाहत गेला, विमानतळाची धावपट्टीही काही भागात गाडली गेली. त्याच दगडांची कुंपणे घराघराला दिसायची. चुकुडू नावाच्या लाकडी दुचाकीवर बटाट्याची पोती लादून पोरे उतारावरून सुसाट येत. त्या पोरांचे काय झाले असेल, हे बातमी वाचताना सारखे मनात येत होते.

आजही आपले जवान त्या भागात आहेत. त्यांच्या घरीही आपला पेपर येत असेल. तेव्हा नुसते ‘काँगो’ न छापता पुढे किन्शासा किंवा ब्राझाव्हिल लिहावे आणि तो नकाशा दुरुस्त करून पुन्हा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
ता. कोरेगाव, जि. सातारा