आकडा चांगला आहे, तरी पावडर हवीच

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

परवा आई म्हणाली, "आता एवढी मोठी झालीस, रक्तातला फिनाइलअलानिनचा आकडाही चांगला येतो, मग ती पावडर कमी केली तर नाही का चालणार?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नाही चालणार, आई. तुझा प्रश्न वावगा नाही, एके काळी डॉक्टरसुद्धा लहानपण सरलं की पीकेयूचं, म्हणजे प्रथिनातला फिनाइलअलानिन हा घटक शरीराला नीट मोडता न येण्याच्या माझ्या या जन्मजात आजाराचं, पथ्य सोडायला सांगत. आता जन्मभर पाळा म्हणतात.

फिनाइलअलानिन वाढू नये म्हणून मला दूध, अंडी, मांस, मासे, कडधान्यं बंद, धान्यसुद्धा तोलून. 1 ग्रॅम प्रथिनात साधारण 50 मिलिग्रॅम फिनाइलअलानिन, हा हिशेब तुला माझ्याआधी पाठ होता. पण हे पदार्थ गेले की त्यांच्याबरोबर बी-12 जातं, लोह, जस्त, कॅल्शियम, सेलेनियमही जातं. शिवाय फिनाइलअलानिनपासून टायरोसिन हा प्रथिनाचा दुसरा घटक बनवणंही माझ्या शरीराला नीट जमत नाही, तेही बाहेरूनच घ्यावं लागतं. हे सगळं, आणि फिनाइलअलानिन सोडून बाकीचं प्रथिन, मला त्या पावडरीतून मिळतं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये डॉक्टर हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मुलीवर हे पथ्य पहिल्यांदा करून पाहिलं, तेव्हाही नुसतं खाणं काढून घेतलं नव्हतं, फिनाइलअलानिन काढलेलं प्रथिनांचं मिश्रण दिलं होतं. ती पावडर माझं जेवण आहे. वास अजूनही नकोसाच वाटतो, पण बाटलीत गार पाणी घालून खळखळून हलवते आणि दिवसातून तीनदा घेते. एकदम घेतली तर शरीराला तिचा पुरता उपयोग करून घेता येत नाही.

मोठेपणी कित्येक जण कंटाळून पावडर सोडतात, आणि सवयच नसल्याने मांस, अंडी, दूध काही खायला लागत नाहीत. दोन्हीकडून उपाशी! मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. बी-12 फार उतरलं तर हातापायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, आणि तुम्ही दर वेळी विचारता तो आकडा यातलं काहीच सांगत नाही. म्हणून बी-12, फेरिटिन (लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, जस्त, सेलेनियम हे वेगळं तपासतात. रक्तात बी-12 पुरेसं दिसत असूनही पेशींना कमी पडू शकतं, म्हणून बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारं होमोसिस्टीनही बघतात.

बाबा, आकडा वाढला की तुम्ही "खाणं थोडं कमी कर" म्हणता. तसं करायचं नसतं. पोटाला कमी पडलं किंवा ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि त्यातून फिनाइलअलानिन वाढतं. अशा वेळी चालतं ते पोटभर खायचं.

यंदा ड जीवनसत्त्व तेवढं कमी आलं, बाकी सगळं ठीक आहे. गोळ्या सुरू केल्यात, आणि हाडांची घनता बघायला डेक्सा तपासणी ठरली आहे.

आता माझं एक ऐका. वय वाढलं की अन्नातलं बी-12 नीट शोषलं जात नाही, आणि बाबांची मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू आहे, तिनेही ते कमी होतं. पुढच्या वेळी साखर तपासायला जाल तेव्हा दोघांचंही बी-12 बघायचं का, हे डॉक्टरांना विचारा. रिपोर्ट आला की मला फोटो पाठवा.

तुमची लेक