आबांच्या रायफलीला नवा दस्ता

।। श्री ।।

सातारा

चि. मुग्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आबांची माउझर रायफल तुझ्या नावावर होण्यापूर्वी तिला दुसरा दस्ता, म्हणजे नळी ज्यात बसते आणि जो खांद्याला लावतात तो लाकडी भाग, बसवावा असे तू सुचवले आहेस आणि त्याबद्दल माझे मत विचारले आहेस. दस्ता बदलण्याला माझी संमती आहे. जुन्या दस्त्याची मान, म्हणजे चापामागचा जो निमुळता भाग आपण मुठीत धरतो तो, उभी चिरली आहे आणि त्या अवस्थेत ती रायफल कोणी खांद्याला लावून बार काढावा असे मला वाटत नाही. मात्र तयार दस्ता मागवायचा आणि जिथे अडेल तिथे कानस चालवायची, हा जो मार्ग तू लिहिला आहेस तो मला मान्य नाही. लाकूड पुन्हा मिळेल, पण जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या कारखान्यात घडलेले ते पोलाद पुन्हा मिळणार नाही. म्हणून या कामात जे काही कापायचे, खरवडायचे किंवा झिजवायचे ते नव्या लाकडाचे असले पाहिजे. धातूला कानस लागता कामा नये आणि जुन्या दस्त्याला करवत लागता कामा नये.

आपल्याकडे नेमके काय आहे ते आधी सांगतो, कारण आबांनी ते मला सांगितले होते आणि तुला ते कोणी नीट सांगितलेले नाही. जर्मन सैन्याने 1898 मध्ये माउझरची जी रचना स्वीकारली, त्याच रचनेवर नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ येथे शिकारीच्या रायफली बनत असत; आपली त्यांपैकी एक आहे. नळीच्या बुडाशी आणि रिसीव्हरवर, म्हणजे नळीमागच्या ज्या पोलादी घरात बोल्ट पुढेमागे सरकतो त्यावर, राजमुकुटाखाली बी, यू आणि जी ही अक्षरे ठोकलेली तुला भिंगाने दिसतील. बंदूक बार काढून तपासणाऱ्या जर्मन चाचणीगृहाचे हे जुने ठसे आहेत. 1939 च्या कायद्याने ती पद्धत बदलली, तेव्हा रायफल त्याआधीची आहे हे निश्चित. तिचे काडतूस 7 बाय 57 मिलिमीटरचे आहे. इंग्रज बंदूक-कारागीर त्यालाच .275 म्हणत, आणि चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल 1907 मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रिग्बी रायफल याच काडतुसाची व याच माउझर रचनेची होती. आबांनी आपली रायफल घेतली तेव्हा शिकार परवान्याने होत असे, आणि मुंबई राज्यात त्यासाठी 1951 चा वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षण कायदा होता. 1972 च्या केंद्रीय वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तिने जंगल पाहिलेले नाही आणि यापुढेही पाहणार नाही. तू ती केवळ रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालवणार आहेस, हे गृहीत धरूनच मी लिहीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच अमलाखाली तो कारखाना मोडीत काढला गेला, त्यामुळे मूळ जातीचा दस्ता कोणाकडे पत्र पाठवून मागवण्याची सोय उरलेली नाही.

मान का चिरली हे समजल्याशिवाय नवा दस्ता घडवण्यात अर्थ नाही, कारण तीच चूक नव्या लाकडात राहिली तर तोही तिथेच चिरेल. बार उडाला की नळी आणि रिसीव्हर जोराने मागे येतात. रिसीव्हरच्या पुढच्या कड्याखाली पोलादाचा एक आडवा ठोकळा असतो, त्याला रिकॉइल लग म्हणतात. हा लग दस्त्यातल्या खाचेच्या मागच्या भिंतीवर टेकलेला असतो आणि सगळा धक्का तिथूनच लाकडात उतरला पाहिजे. आपल्या दस्त्याचे लाकूड वर्षानुवर्षे थोडे थोडे आकसत गेले. शिवाय त्या काळी रायफल भिंतीशी उभी ठेवत, त्यामुळे बोल्टला घातलेले तेल ओघळून खाली, नेमके मानेच्या लाकडात मुरत राहिले आणि ते लाकूड मऊ पडले. लग आणि लाकूड यांच्यात फट पडल्यावर धक्का झेलायला मागे उरली ती फक्त टँग, म्हणजे रिसीव्हरची निमुळती शेपटी. ती प्रत्येक बाराला पाचरीसारखी लाकडात घुसत राहिली आणि लाकूड तंतूंच्या रेषेवरून फाटले. यावरून नव्या दस्त्यासाठी दोन गोष्टी ठरतात. लगची मागची बाजू संपूर्ण रुंदीभर लाकडावर घट्ट टेकली पाहिजे, आणि टँगच्या मागे जाड कागद सहज सरकेल एवढी मोकळी जागा कायम राहिली पाहिजे. बाहेरून ती फट थोडी दिसेल. ती दिसू दे. टँगभोवती केसाएवढीही फट नसलेले काम पाहायला देखणे असते, पण तेच दस्त्याचा घात करते.

आता तुझ्या तयार दस्त्याविषयी. बाजारात ज्याला सरसकट माउझरचा दस्ता म्हणतात तो बहुधा सैनिकी रायफलीच्या मापाने आतून कोरलेला असतो. पूर्ण लांबीच्या 98 रचनेत पुढच्या आणि मागच्या स्क्रूच्या केंद्रांमध्ये 7.835 इंच अंतर असते. युगोस्लाव्हियात बनलेल्या एम-48 सारख्या रायफली वरवर तशाच दिसतात, पण त्यांचा रिसीव्हर सुमारे पाव इंच आखूड असतो आणि त्यांचा दस्ता आपल्या रायफलीला कधीच बसणार नाही. अंतर जुळले तरी आणखी तीन अडचणी राहतात. आपल्या रायफलीला दुहेरी चाप आहे; मागचा ओढला की पुढचा अतिशय हलका होतो. या जोडचापाचे यंत्र साध्या चापाहून रुंद असते आणि त्याला जास्त जागा लागते. नळीचा उतार सैनिकी नळीसारखा पायऱ्यांचा नाही, त्यामुळे तयार दस्त्यातली पन्हळ कुठे सैल तर कुठे घट्ट होईल. शिवाय नळीच्या खालच्या बाजूला एक छोटे कान आहे, ज्यातून आडवी पट्टी जाऊन दस्त्याचा पुढचा भाग नळीशी बांधला जातो. त्याची जागा कोणत्याही तयार दस्त्यात नसते. हे सगळे जमवण्यासाठी कारागीर शेवटी धातूच घासायला घेतात, आणि मला तेच टाळायचे आहे. परदेशातून टपालाने मागवण्याचा विचारही सोडून दे. आपल्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रांतच मोडतात आणि त्यांच्या आयातीला परवाना लागतो.

तेव्हा दस्ता नव्याने घडवून घ्यावा आणि तो अक्रोडाचा असावा. शिसव मजबूत आहे, पण जड आहे. आधीच वजनदार असलेली रायफल तुला उभ्याने धरायची आहे. साग आपल्याकडे सहज मिळतो, पण त्यात सिलिका असल्यामुळे पटाशीची धार लवकर जाते आणि त्याच्या तेलकटपणामुळे इपॉक्सी, म्हणजे दगडासारखा घट्ट होणारा राळेचा लेप, नीट धरत नाही. काश्मिरी अक्रोड वजनाला माफक असतो, त्यात बारीक कोरीव काम टिकते आणि वाळल्यावर तो फारसा हलत नाही. फळी निवडताना नक्षीदार लाकडाच्या मोहात पडू नकोस. नक्षी दस्त्याच्या मागच्या रुंद भागात असली तर हरकत नाही, परंतु मानेतून जाणाऱ्या रेषा सरळ आणि मानेला समांतरच हव्यात, कारण तिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि ताण सर्वांत जास्त असतो. फळी पुरती मुरलेली असावी. ती आपल्या घरात काही महिने ठेवून, तिचे वजन बदलायचे थांबले की मगच कामाला घ्यावी, आणि पावसाळ्यात तर हे काम मुळीच सुरू करू नये. सह्याद्रीकाठच्या दमट हवेत फुगलेल्या लाकडात बसवलेली रायफल दिवाळीनंतर सैल झालेली आढळते.

मापे तुझ्या अंगाची घ्यायची. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत जुन्या दस्त्याची लांबी 14 इंचांहून थोडी जास्त आहे. आबा उंच होते, त्यांना ती योग्य होती. तुला 13 इंचांच्या आसपास लागेल असा माझा अंदाज आहे. कोपर काटकोनात वाकवून घेतलेले माप ढोबळ असते. खरे माप पाइनच्या लाकडाचा कच्चा दस्ता करून, डोळे मिटून तो खांद्याला लावून, डोळे उघडल्यावर नजर आपोआप मागच्या खाचेतून माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, जाते का, हे पाहून ठरते. गाल जिथे टेकतो तो भाग उघड्या साइटच्या उंचीनेच ठेवावा. रिसीव्हरला भोके पाडून दुर्बीण बसवण्याची कल्पना तू ओझरती लिहिली आहेस. तिला माझा ठाम नकार आहे. एकदा पाडलेले भोक बुजवता येत नाही.

रिसीव्हर लाकडात बसवणे हे या कामाचे हृदय आहे आणि ते घाईने होत नाही. धातूला तेलात खललेल्या काजळाचा अगदी पातळ हात द्यायचा, स्क्रूंच्या जागी डोकी नसलेले लांब मार्गदर्शक स्क्रू लावून रिसीव्हर सरळ खाली उतरवायचा, हलके दाबायचे आणि परत उचलायचे. लाकडावर जिथे काळा डाग उठेल तिथेच, तेवढेच खरवडायचे. असे कितीतरी वेळा करावे लागते, आणि शेवटी लगमागच्या भिंतीवर एकसारखा काळा ठसा उठला की हात थांबवायचा. लगची पुढची बाजू, दोन्ही कडा आणि तळ मात्र मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर धक्का कुठे जाईल याचा भरवसा राहत नाही. माउझरमध्ये मागच्या स्क्रूभोवती पोलादाची एक छोटी नळी असते. ती हरवू देऊ नकोस, कारण चापाचे कडे आणि टँग यांच्यातले अंतर तीच ठरवते आणि स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चिरडू देत नाही. मॅगझीनची, म्हणजे काडतुसांची, पेटी वर रिसीव्हरला आणि खाली चापाच्या कड्याला एकाच वेळी टेकून अडकलेली नसावी. तसे झाले तर स्क्रू धातूवर आवळले जातात आणि लाकूड सैलच राहते. काम झाल्यावर परीक्षा साधी आहे. पुढचा स्क्रू आवळलेला ठेवून मागचा हळूहळू सैल करावा आणि दुसऱ्या हाताचे बोट दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, नळी व लाकूड यांच्या सांध्यावर ठेवावे. नळी हलल्याचे बोटाला जाणवले तर रिसीव्हर वाकून बसला आहे, आणि खरवडण्याचे काम अजून बाकी आहे.

लगच्या मागे आणि टँगच्या खाली इपॉक्सीचा पातळ थर द्यायला माझी हरकत नाही, कारण तो नव्या दस्त्यात जाणार आहे आणि ओलावा व तेल यांपासून लाकडाला राखणार आहे. धातूला मेणाचा हात नीट दिल्याशिवाय इपॉक्सी ओतू नये, एवढे कारागिराला माझ्या नावाने सांग. नळीखालच्या कानाच्या पट्टीसाठी दस्त्यात जी चीर पडेल ती लांबीच्या दिशेने किंचित मोठी असावी, म्हणजे तापलेली नळी लांबली तरी ताण येणार नाही. बाहेरून जवसाच्या तेलाचे पातळ हात पुरेत; आतल्या खाचा आणि दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकावरील पट्टीखालचे उघडे लाकूड यांना मात्र आधी लाखेचा हात द्यावा, कारण पाणी तिथूनच शिरते.

जुना दस्ता कापून लहान करावा आणि तोच वापरावा, असे तुझ्या काकाने सुचवले आहे. मानेतले तेल शोषून काढून, चीर सरसाने जुळवून तो जपण्यापुरता दुरुस्त करून घेऊ, पण त्याची लांबी, शिंगाचे टोक आणि जाळीचे कोरीव काम यांना कोणी हात लावायचा नाही. नवा दस्ता बसल्यावर जुन्यावर रायफलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी बांधून तो तिच्याबरोबरच ठेवावा, म्हणजे तुझ्यानंतर ती ज्याच्याकडे जाईल त्याला दोन स्क्रू काढून ती आबांच्या वेळी होती तशी उभी करता येईल.

कायद्याची बाजू थोडक्यात लिहितो. दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच रायफल द्यायची. सुतार कितीही कसबी असला तरी त्याच्या ताब्यात ती देता येत नाही. सध्या परवाना माझ्या नावावर आहे आणि मला प्रवास झेपत नाही. परवानाधारकाच्या लेखी अधिकाराने दुसऱ्या व्यक्तीला शस्त्र दुरुस्तीसाठी नेता येते, अशी तरतूद शस्त्र कायद्याच्या कलम 3 मध्ये आहे. ते अधिकारपत्र आणि परवान्याची प्रत सोबत जोडली आहे. दस्ता बदलल्याने परवान्यावरची नोंद बदलत नाही, कारण ती धातूवरच्या क्रमांकाची असते, आणि तो क्रमांक झाकला किंवा घासला जाणार नाही हे तू स्वतः पाहा. माझ्या परवान्यावर ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ असल्यामुळे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे मला वारस सुचवता येतो आणि मी तुझे नाव देणार आहे. तुझा परवाना हातात येईपर्यंत काम करून घे, मापे घे, पण रेंजवर एकटीने नेऊ नकोस. नेताना बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत ठेव आणि घराबाहेर पडण्यापूर्वी चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाची काडतुसाची जागा, रिकामा असल्याची खात्री बोट घालून कर.

फळी निवडलीस की मानेच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे पाठव. रेषा पाहिल्याशिवाय तिला पटाशी लावू देऊ नकोस. तुझी आई आशीर्वाद सांगते.

तुझे,
बाबा