घरातले काढे आणि गोळ्या : सभासदांना सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. परवाच्या बैठकीत चहाच्या वेळी गप्पा निघाल्या आणि कळलं, की निम्म्या घरांत औषधांचा डबा म्हणजे छोटं दुकानच झालंय. म्हणून हे लिहितोय.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेता ना? मग कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी त्यानंतर किमान ४ तासांनी. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको (हे जड जाणार, ठाऊक आहे). ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदा देतात, तीही ठरावीक आठवडेच; रोज नव्हे.

मधुमेहाच्या गोळ्यांवर कारल्याचा रस किंवा मेथीचं चूर्ण सुरू केलं तर साखर फार उतरू शकते. बीपीवाल्यांनी रोज ज्येष्ठमध चघळू नये, बीपी वाढतं. गुळवेलीच्या काढ्यानं यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डोळे पिवळे दिसले तर काढा बंद, आणि थेट दवाखाना.

बेळगाव, खानापूर, निपाणी, बाजार कुठलाही असो, बिननावाची पुडी घेऊ नका. लेबल कन्नडमध्ये असलं तर नातवंडांकडून वाचून घ्या, ती शाळेत शिकतात. डॉक्टरांकडे जाताना सगळा डबाच पिशवीत घालून न्या, काढ्याच्या पुडीसकट.

— सचिव