बाई, पूर्णविराम की उद्गारचिन्ह?

आदरणीय बाईंना,
सप्रेम नमस्कार.

मी आठवी ‘ब’मधल्या त्या मुलाचा बाप, जो खिडकीपाशी बसतो आणि ज्याचा आवाज सध्या अर्ध्या वाक्यात गिअर बदलतो. एवढ्यावर तुम्ही ओळखलं असेल. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र चार लोक वाचणार, आणि या वयात बापाने आपलं नाव चारचौघांत घेतलेलं पोरांना खपत नाही. तुमचंही नाव लिहायचं नाही, असं पोराने बजावून ठेवलंय.

गेल्या शनिवारी पालकसभेला आलो तो माफी मागायच्या तयारीनेच. शाळेतून बोलावणं आलं की सातपूरच्या कंपनीत अर्धा दिवस कापून घ्यायचा, समोर बसून हात जोडायचे, “पुन्हा नाही करणार सर” म्हणायचं आणि घरी येऊन पोराला झापायचं, एवढाच माझा आणि शिक्षणाचा आजवरचा संबंध. तुम्ही कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही काढलीत आणि म्हणालात, “तुमच्या मुलाचं पान बघा.” माझ्या पोटात गोळा आला. तक्रारींची वेगळी वही ठेवावी लागली म्हणजे प्रकरण फारच पुढे गेलं, असं वाटलं.

पानावर तारीख होती, त्याचं नाव होतं आणि खाली वाक्य होतं: “अरबी समुद्र एवढा जवळ असताना गोदावरी बंगालच्या उपसागराला गेली, म्हणजे तिला सीबीएस स्टँडवरचा रिक्षावाला भेटला असणार.”

बाई, मी तिथे हसलो नाही. मला हसताच येईना. तुम्ही पाण्याची बाटली पुढे केलीत, त्याबद्दलही आभार.

हे वाक्य मला तसं नवीन नव्हतं. जुलैत एके दिवशी तो शाळेतून आला आणि दप्तर न काढता आईला सगळा तास सांगत सुटला होता. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, आणि ही बाई १४६५ किलोमीटर चालून पार राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळते. तेव्हा याच्या तोंडून ते रिक्षावाल्याचं निघून गेलं. वर्ग फुटला. त्यातच नेमका ‘रिक्षावाला’वर आवाज चिरकला, म्हणून वर्ग दुसऱ्यांदा फुटला. तो म्हणाला, “मी आपला आपणच उठलो आणि दाराकडे निघालो.”

हे ऐकताना त्याच्या आईचा हात पोळपाटावर थांबला होता, तो अजून डोळ्यांपुढे आहे. कुणी बाहेर जा म्हणालं नव्हतं. पोराला सवयच लागली होती.

आणि तुम्ही म्हणालात, “कुठे चाललास? परत सांग, मला लिहून घ्यायचंय.” त्याने परत सांगितलं, हळू आवाजात. तुम्ही लिहिलंत. मग पेन तसंच धरून त्याला विचारलंत, “शेवटी काय देऊ, पूर्णविराम की उद्गारचिन्ह?”

एवढंच. या एका प्रश्नासाठी हे सगळं पत्र लिहितोय. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. पण आमच्या घरात तो प्रश्न आठवडाभर चालला होता. पोरगा आरशासमोर तुमची नक्कल करायचा, चष्मा नाकावर ओढून, पेन धरून. (तुम्ही चष्मा असा ओढता हे मला सभेत कळलं. नक्कल चांगली करतो.) त्याच्या वाक्याला शेवट काय द्यायचा हे त्याला विचारणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं. आजवर लोक त्याच्या वाक्याचा शेवट स्वतःच करत आले, “बस खाली” नाहीतर “चालता हो” म्हणून.

त्याने उत्तर काय दिलं ते मला वहीत दिसलं. आधी काढलेलं उद्गारचिन्ह खोडून पूर्णविराम दिलेला होता. कारण विचारलं तर तुम्ही म्हणालात, “तोच म्हणाला, पूर्णविराम द्या बाई, हसायचं ते आपलं आपण हसतील.” तेरा वर्षांच्या पोराला हे कुठून सुचतं हो? माझ्याकडून तर नाही.

आता थोडं मागचं सांगतो, कारण ते आत साचलंय. सहावीत, आधीच्या शाळेत, एका सरांनी नाशिकचं नाव कसं पडलं ते सांगितलं. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, ती नासिका, म्हणून नाशिक. याने हात वर केला. “सर, कान पण कापले होते ना? मग ते कानपूरला पडले का?” आता रामायणात नाकाबरोबर कान कापल्याचं आहेच, म्हणजे प्रश्न अभ्यासातलाच होता. पण सरांना वाटलं देवाची टिंगल केली आणि त्यांची स्वतःचीही. दोन दिवस वर्गाबाहेर उभा. डायरीत लाल शाईने ‘फाजीलपणा करतो’. मला बोलावणं. माझ्यादेखत सर त्याला म्हणाले, “तुझ्यासारख्यांना तमाशात जागा असते.” मी मान हलवली, बाई. मान हलवली आणि त्या रात्री घरी एक ठेवूनही दिली. सरांचा राग येतो खरा, पण त्या यादीत माझं नाव सोडून देता येत नाही.

त्यानंतर पोरगा गप्प झाला. सातवीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आला, ‘शांत व समंजस, वर्तनात उल्लेखनीय सुधारणा’. मी तो शेरा कंपनीत दोघांना वाचून दाखवला होता. पेढे वाटायचे तेवढे राहिले. त्याची आई एकटी म्हणत होती, “अहो, हा घरीपण बोलत नाही.” मी म्हणायचो, वयात येतोय, होतं असं. शिकवणीच्या सरांनाही असं गिऱ्हाईक बरंच होतं: फी वेळेवर, प्रश्न शून्य.

म्हणून आठवीला शाळा बदलली, तीही आईच्या हट्टाने. सिडकोतून रोज एवढं लांब पाठवायला माझा विरोध होता, हेही कबूल करून टाकतो.

त्या दिवशी सभेत तुम्ही मला वहीची बाकीची पानंही चाळू दिलीत. मागे पालकांची रांग लागली होती, तरी. फक्त नावांवर पट्टी धरलीत, हे माझ्या लक्षात आलं. काय एकेक वाक्यं आहेत! एका मुलीने म्हटलंय, “कुसुमाग्रजांचा जन्म नेमका मराठी भाषा गौरव दिनालाच झाला, किती छान योगायोग.” तुम्ही खाली पेन्सिलीने ‘२७ फेब्रुवारी, आधी कोण?’ एवढंच लिहिलंय. मग कुणीतरी विज्ञानाच्या तासाला, पुराचं एकक काय असेल या प्रश्नावर दिलेलं उत्तर: “दुतोंड्या मारुती. पाय बुडाले, कंबर बुडाली, छाती बुडाली.” हे हसण्यावारी नेण्यासारखं नाहीच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक गोदापात्रातल्या या मूर्तीचंच एकक वापरतं. मीही पावसाळ्यात कंपनीतून फोन करतो तो असाच, “मारुती कुठवर?”

आणि मिसळपाव! समास ओळखा म्हटल्यावर एकाने सांगितलं, द्वंद्व, कारण दोन्ही पदं महत्त्वाची. दुसऱ्याने विचारलं, मग एक्स्ट्रा पाव? पहिला म्हणाला, उपपद. आणि सोबतचा पापड? “अव्यय. त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.” हे वाचून मी मोठ्याने हसलो आणि रांगेतल्या पालकांनी माझ्याकडे वळून पाहिलं. असं उत्तर द्यायला आधी व्याकरण यावं लागतं. तेवढं मलाही कळलं, आणि मी दहावीला मराठीत काठावर पास झालेला माणूस आहे.

एक पान मात्र तुम्ही दाखवलं नाही, कारण ते नाहीच. ते पोराने स्वतः सांगितलं. दिवाळीनंतर त्याने वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलावर काहीतरी जोडलं, वर्ग हसला आणि याने सवयीने तुमच्या पेनाकडे पाहिलं. तुम्ही पेनाला टोपण लावलंत. म्हणालात, “हे वहीत बसत नाही,” आणि पुढे शिकवत राहिलात. ओरडला नाहीत, डायरी नाही, मला बोलावणं नाही. पोरगा दोन दिवस जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी डब्यात मोजून दुप्पट पोळ्या मागून घेतल्या. का, ते आम्ही विचारलं नाही.

आणि गोदावरीचं उत्तर! ते राहिलंच. हसणं झाल्यावर तुम्ही बाकाच्या पश्चिमेकडच्या दोन पायांखाली वह्या सरकवल्यात आणि वरच्या टोकाच्या थोडं अलीकडे पाणी सोडलंत. ते सगळं पूर्वेला वाहत येऊन पहिल्या बाकावरच्या मुलीच्या फ्रॉकवर पडलं. “दख्खनचं पठार असं कललंय, गोदावरीची यात काही चूक नाही. आणि जवळचा रस्ता धरणारी एक आहे, वैतरणा. तीही त्र्यंबकच्याच डोंगरातली. ती पश्चिमेला उतरली आणि मुंबईच्या नळात जाऊन बसली.” हे मला पोराने आमच्या जेवणाच्या टेबलाखाली चपला सरकवून दाखवलं. आमटी सांडली. या वेळी मी काही बोललो नाही.

परवा त्याने धीर करून तो जुना कानपूरचा प्रश्न तुम्हाला विचारला म्हणे. दोन वर्षं पोटात ठेवला होता. तुम्ही सांगितलंत की नावाची आणखी एक गोष्ट आहे, नऊ टेकड्यांवर वसलं म्हणून नवशिख, त्याचं नाशिक, आणि जा मोजून ये. रविवारी आम्ही दोघं गाडीवर जुन्या नाशकातले चढउतार पालथे घातले. आम्हाला पाचच सापडल्या. दोन वर्षांत त्याने माझ्याशी एवढं बोललेलं मला आठवत नाही. एका बोळात गाडी बंद पडली तेव्हा म्हणाला, “पप्पा, ही सहावी धरा.”

आमच्या कंपनीत मी नवीन असताना एक जुने फोरमन होते. नवख्या पोराने काही येडपट विचारलं की ते आधी मशीन बंद करायचे आणि मग उत्तर द्यायचे. चालू मशीनवर ओरडूनही सांगता आलं असतं. प्रॉडक्शन थांबायचं, वरून बोलणी बसायची, तरी बंद करायचे. त्यांची मला इतक्या वर्षांनी आठवण झाली ती तुमची वही बघताना. अशी माणसं मोठं काही करत नाहीत, समोरच्याचं बोलणं होईपर्यंत थांबतात. आणि एवढंसुद्धा करणारी किती कमी भेटतात, ते पन्नाशीला आल्यावर मोजता येतं.

तुमचा अभ्यासक्रम मागे पडतो, तास गोंधळाचा असतो, असं शेजारच्या वर्गाचं म्हणणं असल्याचं सभेतच कानावर आलं. तुम्हाला त्याचा त्रास होत असेल तर सांगा, लेखी द्यायला मी तयार आहे. हस्ताक्षर वाईट आहे, पण देईन.

जाता जाता एक वाक्य पाठवतो. काल रात्री सिंहस्थासाठी चाललेल्या खोदकामामुळे मला घरी यायला उशीर झाला, त्यावरून निघालं. वहीत बसत असेल तर लिहून घ्या: “गुरू सिंह राशीत यायला बारा वर्षं लावतो, आणि तरी आपल्या रस्त्यांना तो दर वेळी अचानकच आल्यासारखा वाटतो.”

शेवटी पूर्णविरामच द्यावा, असं त्याचं म्हणणं आहे.

आपला नम्र,
खिडकीपाशी बसणाऱ्याचा बाप
सिडको, नाशिक