डोळे पिवळे होईपर्यंत थांबायचं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारच्या आरोग्य पानावरचा यकृताचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लक्षण म्हणून त्यात फक्त कावीळ दिली आहे. आमच्याकडे डोळे पिवळे व्हायच्या आधी दोन वर्षं ह्यांचं अंग सांगत होतं, आम्हालाच ते कळलं नाही.

आधी तळहात लाल झाले. मधला भाग नेहमीसारखा, पण अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा उंचवटा मेंदी धुतल्यासारखा. सासूबाई म्हणायच्या, रक्त चांगलं आहे. मग गळ्याखाली, छातीवर लाल ठिपके आले, भोवती कोळ्याच्या पायांसारख्या बारीक शिरा. एकदा बनियन बदलताना मी पेन्सिलीच्या टोकानं ठिपका मधोमध दाबला. सगळं पांढरं पडलं आणि पेन्सिल उचलताच मधून बाहेर पुन्हा लाल भरत गेलं. आम्ही दोघंही बघत राहिलो, आणि उष्णता झाली म्हणून सब्जाचं पाणी सुरू केलं! असा एखाददुसरा ठिपका गरोदरपणात किंवा धडधाकट मुलांनाही असतो, हे मला आता माहीत आहे. ह्यांना अकरा होते.

छातीवरचे, काखेतले केस विरळ झाले, दाढी चार दिवसांनी केली तरी चालायची. त्याला आम्ही वय म्हटलं. नखं पांढरीफटक, टोकाला तेवढी गुलाबी पट्टी. शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी रिपोर्टची फाईल उघडायच्या आधी ह्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "हे कधीपासून?" यकृत थकलं की शरीरातल्या पुरुषी आणि बायकी हार्मोन्सचा तोल जातो, म्हणून केस जातात, असं त्यांनीच समजावलं. नखांचं तर डॉ. टेरी यांनी १९५४ सालीच लिहून ठेवलंय, सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत आतून कडक होत जाण्याच्या आजाराच्या, १०० रुग्णांपैकी ८२ जणांची नखं अशी होती. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीनंही नसावी?

उलट दारूचा उल्लेख पाच वेळा. ह्यांनी आयुष्यात घोट घेतलेला नाही. वीस वर्षांचा मधुमेह आणि यकृतावर साठलेली चरबी, एवढंच कारण. पण गेल्या संक्रांतीला इथे रामबागेत हळदीकुंकवाला गेले, तर एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कधीपासून घेतात?" तिळगूळ तसाच हातात राहिला. असे लेख वाचूनच लोकांची अशी समजूत होते.

आणि त्याच पानावर खाली '२१ दिवसांत यकृत साफ' करणाऱ्या चूर्णाची जाहिरात! वर आजाराची माहिती आणि खाली हे, शोभतं का आपल्याला?

कृपा करून येत्या मंगळवारी तळहात, नखं आणि त्या ठिपक्यांचे रंगीत, स्पष्ट फोटो छापा. ह्यांची हरकत नाही, आमच्याकडचे मी पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक, रामबाग, इंदूर