चि. ताईस

चि. ताई, अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, बोधकथांचा संच आणलाय, रोज रात्री एक वाचू ना त्याला?" मी घाईत होते, 'वाच की' म्हणून मोकळी झाले. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

जरूर वाच. चार वर्षांच्या पोराला चांगलं-वाईट सरळ दिसलेलं हवं असतं. फक्त गोष्टीतून त्याच्या हाती काय लागणार, ते आधी स्वतः वाचून बघ. गेल्या पावसाळ्यात तो इथे होता तेव्हा मी चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. काऊचं घर शेणाचं, ते वाहून गेलं. चिऊचं मेणाचं, ते राहिलं. "थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते." तू यावर खिदळायचीस. हा मात्र गप्प. संध्याकाळी बघते तर गॅलरीचं दार सताड उघडं, लादीवर पाण्याचं थारोळं, आणि हा दाराला पाठ लावून उभा. "आजी, काऊ आला की त्याला आत घेऊ या." इतकी वर्षं ती गोष्ट सांगतेय, पण भिजणाऱ्या काऊचा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता गं.

पंचतंत्रही असंच बघून घे. विष्णुशर्म्याने त्या गोष्टी राजपुत्रांना शहाणं करायला सांगितल्या. काळीज झाडावर राहिलंय अशी थाप मारून माकड मगरीच्या तावडीतून सुटतं. गोष्ट फार सुंदर, पण खरं-खोटं नीट कळू लागलं की सांग.

आणि एक. तू पहिलीत असताना जराशी थाप मारलीस की मी लगेच 'लांडगा आला रे आला' ऐकवायचे. एकदा तुझा कान दोन दिवस ठणकत होता नि तू बोलली नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "तुला खरं वाटलं नसतं." ते मला आजही टोचतं. ज्या दिवशी चूक होईल, त्या रात्री त्याच चुकीची गोष्ट काढू नकोस. शेवटी ठळक अक्षरात 'तात्पर्य' छापलेलं असेल, तेही वाचू नकोस. पुस्तक मिट आणि त्याला बोलू दे.

मला विचारशील तर श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आधी सांग. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजा घरोघरचं सगळं दूध देवळात आणायला लावतो. वासरं उपाशी, पोरं उपाशी. गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरच्या मुलाबाळांना खाऊपिऊ घालते, गाईवासरांना तृप्त करते, मग उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहते, आणि गाभारा भरतो. यात कुणी कुणाला शिकवत बसत नाही. म्हातारीने आधी काय केलं आणि मग काय केलं, एवढंच मुलाला दिसतं. वासरं प्यायली ती जागा सावकाश सांग, तिथे तो नक्की थांबवेल तुला.

खुलभर म्हणजे किती, हे तो विचारणारच. तुझ्या आजीची देवघरातली छोटी पितळी वाटी दादाबरोबर पाठवते आहे. चिंचेने घासून ठेवली आहे. त्याच्या हातात दे.

तुझी,
आई