तुमच्या होममेड बाथ सॉल्ट किटबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि तक्रार अधिकारी

विषय : बाथ सॉल्ट किटमधली चुकीची कृती, तेलाच्या बाटलीवर घटक न लिहिणं आणि त्यामुळे झालेला त्रास

नमस्कार,

मी नाशिकहून लिहितेय, इंदिरानगरला राहते. ऑर्डर नंबर आणि सगळे फोटो या मेलला जोडलेत. २२ डिसेंबरला मी तुमच्या वेबसाइटवरून घरी सुगंधी बाथ सॉल्ट बनवायचं मोठं किट मागवलं, १,८४९ रुपये आधीच भरले, आणि २९ तारखेला ते व्यवस्थित पॅक होऊन वेळेत आलं. डिलिव्हरीबद्दल काहीच तक्रार नाही, आतल्या वस्तूंबद्दल आणि आतल्या कागदाबद्दल आहे.

किट कशासाठी घेतलं ते आधी सांगते, नाहीतर एका किटसाठी बाई एवढं का लिहितेय असं वाटेल. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, सोसायटीतल्या आणि माहेरच्या मिळून चोवीसेक बायका येतात, आणि दरवर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, स्टीलच्या वाट्या असलं काहीतरी लुटलं जातं जे कुणालाच लागत नाही आणि माळ्यावर जाऊन पडतं. यंदा म्हटलं स्वतःच्या हाताने केलेलं काहीतरी द्यायचं. थंडी कडक, टाचा फुटलेल्या, दिवसभर उभं राहून पाय दुखतात, तर छोट्या काचेच्या बरणीत एका अंघोळीपुरतं सुगंधी मीठ. तुमच्या किटमध्ये २४ बरण्या होत्या, आकडाही जुळला, म्हणून तेच घेतलं.

रविवारी ४ जानेवारीला करायला बसले. किटमध्ये २ किलो एप्सम सॉल्ट, अर्धा किलो समुद्री मीठ, ३०० ग्रॅम खायचा सोडा, १५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, सुकवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि ३०-३० मिलीच्या दोन बाटल्या, एक लॅव्हेंडर आणि एक लेमनग्रास. तुमच्या कागदावर लिहिलंय की सगळी मिठं, सोडा आणि सायट्रिक अॅसिड एकत्र करा, दोन भाग करा, एकेक भाग ट्रेवर पसरून ओव्हनमध्ये १०० डिग्रीला २० मिनिटं ठेवा म्हणजे ओलावा जाईल, मग बाहेर काढून एका भागात एक पूर्ण बाटली तेल घाला आणि कोमट असतानाच बरणीत भरा.

मी पहिला भाग अगदी तसाच केला. दहाव्या मिनिटाला ओव्हनच्या काचेतून बघते तर मीठ पाणावलेलं, पंधराव्या मिनिटाला ट्रेवर फेस यायला लागला आणि तो कडेवरून खाली सांडला. बाहेर काढलं तेव्हा चिकट लगदा होता आणि गार झाल्यावर त्याचा असा दगड झाला की उलथन्याने निघेना. दीड किलो माल गेला. ओव्हन साफ करायला दुसरा पूर्ण दिवस गेला तो वेगळाच.

मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतलं होतं, वीस वर्षांपूर्वी का होईना, म्हणून वही काढून बसले आणि मला जे कळलं ते तुमच्या प्रॉडक्ट टीमला आधीच कळायला हवं होतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू स्फटिकातच बांधलेले असतात. वजनाने बघितलं तर १ किलो एप्सम सॉल्टमध्ये साधारण ५११ ग्रॅम पाणीच असतं. हाताला कोरडं लागतं पण निम्मं पाणी आहे ते! साधारण ५० डिग्रीच्या आसपास हे पाणी सुटायला लागतं आणि मीठ स्वतःच्याच पाण्यात विरघळतं. म्हणजे तुम्ही ज्याला ओलावा घालवणं म्हणता त्याने उलट ओल तयार होते. त्यात सोडा आणि सायट्रिक अॅसिड आधीच मिसळायला सांगितलंय, त्यांना पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड सुटणारच, जे फसफसणं टबात व्हायचं ते माझ्या ओव्हनमध्ये झालं. वाळवायचं असेल तर फक्त समुद्री मीठ वेगळं भाजून गार करून घ्या, एप्समला आच लावायचीच नाही, एवढं एक वाक्य कागदावर असतं तरी पुरलं असतं.

आमच्याकडे दिवाळीचं उटणं अजून घरी होतं, नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल. आई एवढ्या वर्षांत कधी गॅसजवळ नेत नाही त्यातलं काही, सावलीतच वाळवते, कडक उन्हातसुद्धा ठेवत नाही कारण वास उडतो. सुगंधी वस्तूंचा धंदा करणाऱ्या कंपनीला निदान एवढं तरी ठाऊक असावं अशी माझी अपेक्षा होती.

दुसरा भाग मी तापवला नाही. नुसता मिसळला, कागदावर लिहिल्याप्रमाणे लेमनग्रासची पूर्ण बाटली घातली, पाकळ्या घातल्या आणि १२ बरण्या भरल्या. दिसायला खरंच सुंदर दिसत होत्या आणि गवती चहाचा वास घरभर सुटला होता, सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या चहा ठेवलास का. पण लोकांना द्यायच्या आधी स्वतः वापरून बघावं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी एक बरणी अंघोळीला घेतली.

आता इथे माझी मुख्य तक्रार आहे, कृपया नीट वाचा. तुमच्या कागदावर लिहिलंय "अर्धा कप मीठ पाण्यात टाका" आणि बाजूला बाथटबचा फोटो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच्याही घरी बाथटब नाही. आम्ही बादलीत अंघोळ करतो, २० लिटरची बादली. टबमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी असतं, म्हणजे तेच मीठ माझ्या बादलीत सात-आठ पट तीव्र झालं. आणि तेलाचं प्रमाण तर टबसाठीसुद्धा जास्तच आहे. ३० मिली तेल दीड किलो मिठात, म्हणजे अर्ध्या कपात, साधारण १२० ग्रॅम धरा, जवळपास २.४ मिली तेल. १ मिलीचे २० थेंब धरले तर एका बादलीत ४८ थेंब लेमनग्रास. घरी करणाऱ्या बायका एका अख्ख्या कपाला दहा-पंधरा थेंब घालतात हो, तेही आधी चमचाभर खोबरेल किंवा बदाम तेलात मिसळून, कारण हे तेल पाण्यात विरघळतच नाही, वर तरंगतं आणि जिथे कातडीला लागेल तिथे तसंच्या तसं चिकटतं. लेमनग्रासमध्ये सिट्रल असतं आणि ते कातडीला झोंबतं, म्हणून ते अगदी कमी वापरायचं असतं. तुमच्या कागदावर यातलं काही नाही, ना तेलात मिसळा, ना आधी हातावर थोडं लावून बघा.

दोन तांब्यांतच मांड्या आणि दंड पेटल्यासारखे झाले. मी घाबरून गार पाणी ओतत राहिले, त्याने तेल निघत नव्हतं, शेवटी खोबरेल चोळून मग साबणाने धुतलं तेव्हा जरा कमी झालं. संध्याकाळपर्यंत लाल चट्टे होते म्हणून स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तेलात काय काय आहे? मी बाटली पुढे केली. बाटलीवर लिहिलंय "शुद्ध सुगंध, लेमनग्रास", बस्स. घटक नाहीत, बॅच नंबर नाही, कधीपर्यंत वापरायचं ते नाही, कुणी बनवलं त्याचा पत्ता नाही. डॉक्टरांनी बाटली उलटसुलट करून बघितली आणि टेबलावर ठेवून दिली, म्हणाल्या मला कळल्याशिवाय नेमकी कशाची अॅलर्जी ते मी कसं सांगू. मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगता येत नाही. मी ते मीठ पुढच्या आठवड्यात माझ्या आईला, वहिनीला, शेजारच्या काकूंना कुंकू लावून हातात देणार होते.

नंतर लॅव्हेंडरच्या बाटलीतला एक थेंब साध्या कागदावर टाकून ठेवला, आणि शेजारी मेन रोडवरच्या अत्तरवाल्याकडून आणलेल्या लॅव्हेंडरचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी त्यांचा डाग जवळपास उडाला होता, तुमचा तेलकट गोल तसाच. ही काही लॅबची टेस्ट नाही हे मला कळतं, म्हणून मी भेसळ आहे असं म्हणत नाही, पण यात दुसरं कुठलं तेल मिसळलंय का हे विचारायचा मला हक्क आहे.

उरलेल्या ११ बरण्यांचं काय झालं तेही सांगते. चार दिवसांत पाकळ्या तपकिरी पडल्या, मीठ खाली गच्च बसलं आणि झाकण उघडताना फस्स करून आवाज यायला लागला, म्हणजे बंद बरणीत सोडा आणि अॅसिडचं काम चालूच होतं.

मी ६ जानेवारीला तुमच्या हेल्पलाइनला फोन केला. तिथल्या मुलीने ऐकून घेतलं, तिच्याबद्दल तक्रार नाही, ती बिचारी समोरचं वाचून दाखवत होती. ८ तारखेला तुमचा मेल आला की "आपल्या भागातील दमट हवामानामुळे" मीठ ओलं झालं असावं आणि सोबत पुढच्या खरेदीवर १५ टक्के सूट. नाशिकला जानेवारीत दमट हवा? निफाडला पारा एकआकडी होतो, ओठ फुटतात, अंग उलतं, धुतलेले कपडे दुपारपर्यंत कडक होतात. ऑगस्टमध्ये असं म्हणाला असतात तर मी मान्य केलं असतं. मी फोटो पाठवले होते, लाल झालेल्या दंडाचा पण पाठवला होता, त्याबद्दल त्या मेलमध्ये एक शब्द नाही.

मी परत लिहिलं तर उत्तर आलं की हे "क्राफ्ट किट" आहे, कॉस्मेटिक नाही, त्यामुळे घटक छापायची गरज नाही. तुमच्याच खोक्यावर मोठ्या अक्षरात "रोजच्या अंघोळीसाठी" लिहिलंय. जे अंगावर ओतायला सांगून विकलं जातं ते कातडीवर जाणारच ना, मग खोक्यावर नाव काहीही द्या.

अजून एक, हे माझ्यासोबत झालं नाही पण होऊ शकलं असतं. कागदाच्या मागे लिहिलंय की या मिठात पाय बुडवून बसल्याने शरीरातली मॅग्नेशियमची कमतरता भरून निघते, गुडघेदुखी जाते आणि "डायबेटीससह सर्वांसाठी सुरक्षित". कातडीतून पुरेसं मॅग्नेशियम आत जातं याला ठोस पुरावा नाहीये. कोमट पाण्याने पायांना बरं वाटतं, तेवढंच लिहा की, तेही खरंच आहे. आणि डायबेटीसचं तर ताबडतोब काढा. सासूबाईंना बारा वर्षं शुगर आहे, पायाला चटका बसला तरी त्यांना कळत नाही, त्यांच्या डॉक्टरांनी गरम पाण्यात पाय घालून बसायला सक्त मनाई केलीय. त्यांनी तो कागद वाचून मला विचारलं होतं, "मला पण देशील का एक बरणी?"

माझ्या मागण्या अशा. किटचे १,८४९ आणि डॉक्टर-औषधाचे ७८० रुपये परत करा, पावत्या जोडल्यात. दोन्ही तेलांमध्ये काय काय आहे ते मला लेखी कळवा, मी ते माझ्या डॉक्टरांना दाखवणार आहे. कागद बदला, त्यात बादलीचं प्रमाण वेगळं लिहा आणि ओव्हन काढून टाका. आणि ज्यांनी ज्यांनी हे किट नेलंय त्यांना मेल करून कळवा, कारण माझ्यासारखी वाण म्हणून वाटणारी अजून कुणी असेल तर तिला कळायला हवं. कूपन नको, ते रद्द करा.

ई-कॉमर्सचे २०२० चे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यानुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो, आणि त्या अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर असावं लागतं. तुमच्या वेबसाइटवर मला ते सापडलं नाही, म्हणून हा मेल मिळेल त्या सगळ्या पत्त्यांवर टाकलाय. महिन्यात काही झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, तिथे एवढ्या रकमेला फी पण लागत नाही.

हळदीकुंकू १८ तारखेला झालं. माझा भाऊ दिंडोरीला द्राक्ष करतो, तो म्हणाला होता मॅग्नेशियम सल्फेटची गोणीच शेडमध्ये पडलीय, घेऊन जा, पण ते पानं पिवळी पडू नयेत म्हणून वेलींना द्यायचं, अंगाला नाही, म्हणून मी घेतलं नाही. मेडिकलमधून चांगलं एप्सम आणलं, तापवलं नाही, सोडा-अॅसिड घातलंच नाही, कपाला दहा थेंब लॅव्हेंडर बदाम तेलात कालवून, आणि बरणीवर चिठ्ठी लावली की आत काय आहे, बादलीला दोनच चमचे घ्या, आधी हातावर लावून बघा, शुगर असेल तर वापरू नका. चिठ्ठ्या हाताने लिहायला मला एक संध्याकाळ लागली. तुमच्याकडे तर छापखाना आहे.

तुमच्या ११ बरण्या, दगड झालेलं मीठ, दोन्ही बाटल्या आणि खोकं मी नीट ठेवलंय. लेमनग्रासच्या बाटलीच्या तळाशीही थोडं तेल शिल्लक आहे. तपासायला हवं असेल तर पिकअप पाठवा, पण लेमनग्रासची बाटली त्यातले घटक लेखी हातात आल्याशिवाय देणार नाही.

एक ग्राहक
इंदिरानगर, नाशिक
२० जानेवारी